गप्पी: आडनावाचा मासा

गप्पी हे नाव मराठी कानाला इतके घरचे वाटते, की ते परके असेल अशी शंकाही येत नाही. गप्पा, गप्पिष्ट, गप्पी. पाण्याच्या वरच्या थरात घोळक्याने फिरणारे आणि सतत तोंडाची उघडझाप करणारे हे मासे पाहून कुणीतरी कौतुकाने बारसे केले असावे, असे वाटते. प्रत्यक्षात गप्पी हे एका इंग्रज माणसाचे आडनाव आहे. शास्त्रीय दप्तरातून ते केव्हाच खोडले गेले, पण लोकांच्या तोंडून गेले नाही. या इंचभर माशाला गेल्या दीडशे-पावणेदोनशे वर्षांत बरीच नावे मिळाली. त्यातल्या प्रत्येकाने माशाची एकच बाजू पाहिली. मासे पाळायचे किंवा हौदात सोडायचे असतील, तर मात्र सगळ्याच बाजू माहीत असाव्या लागतात. म्हणून ही नावे एकेक करून उलगडणे हा केवळ कोशकारांचा उद्योग नाही.

आधी आडनाव. रॉबर्ट जॉन लेचमियर गप्पी १८३६ साली लंडनमध्ये जन्मला आणि १९१६ साली त्रिनिदादमध्ये वारला. आईवडील त्रिनिदादला राहत. वडील वकील, आई चित्रकार. मुलगा इंग्लंडमध्येच आजी-आजोबांकडे हेरफर्डशायरमधल्या एका जुन्या गढीवजा वाड्यात वाढला. गढी वारशाने मिळण्याची शक्यता असताना तो विशीच्या आतच जगप्रवासाला निघाला. १८५६ साली न्यूझीलंडच्या किनाऱ्याजवळ जहाज फुटले आणि तो माओरी लोकांत राहिला. तिथून पुढे तो आईवडिलांकडे त्रिनिदादला आला आणि तिथलाच झाला. बेटावरच्या शाळांचा मुख्य निरीक्षक ही त्याची नोकरी. भूशास्त्र, जीवाश्म आणि शंख-शिंपले ही त्याची खरी आवड. विद्यापीठाची पदवी नसतानाही कॅरिबियन भागातल्या जीवाश्म शिंपल्यांवर त्याने आयुष्यभर नेटाने लिहिले. मत्स्यपालनाच्या जुन्या पुस्तकांत त्याला हमखास ‘रेव्हरंड गप्पी’ म्हटलेले आढळते. तो धर्मोपदेशक नव्हता. एकाने लिहिले, पुढच्यांनी उतरवून घेतले, एवढाच त्या पदवीचा उगम दिसतो.

१८६६ साली त्याने त्रिनिदादच्या ओढ्यांतले काही छोटे मासे लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला पाठवले. तिथे माशांचा विभाग आल्बर्ट ग्युंटर या दबदबा असलेल्या शास्त्रज्ञाकडे होता. त्याने ही जात नवी ठरवून तिला जिरार्डिनस गप्पीआय असे नाव दिले. यातला पहिला शब्दही एका माणसावरूनच आलेला आहे. शार्ल जिरार या मत्स्यशास्त्रज्ञाच्या सन्मानार्थ तो आधीच माशांच्या एका प्रजातीला, म्हणजे जवळच्या जातींच्या गटाला, दिलेला होता. म्हणजे त्रिनिदादच्या ओढ्यातल्या माशाच्या अंगावर दोन गृहस्थांची नावे चढली, आणि मासा कसा दिसतो, कुठे राहतो, काय खातो यातले काहीच त्यात आले नाही.

आपल्या दख्खनच्या माशांचे नशीब या बाबतीत वेगळे निघाले. कर्नल साइक्सने १८३९ साली इथल्या नद्यांतले मासे नोंदवले, तेव्हा त्यातल्या बऱ्याच जातींना कानावर पडलेली गावाकडची नावेच लॅटिन साच्यात ठेवली. म्हणून आजही जगभरच्या शास्त्रज्ञांना खुद्री, मुल्या, नुक्ता हे शब्द उच्चारावे लागतात. ग्युंटरपुढे बाटलीतले मासे होते आणि पाठवणाऱ्याचे नाव होते. त्यामुळे त्याने केले ते त्या काळच्या रिवाजाला धरूनच होते.

फक्त मासा नवा नव्हता. व्हेनेझुएलातल्या काराकस शहराजवळच्या ग्वाइरे नदीतले असेच मासे त्याच्या कितीतरी आधी बर्लिनच्या संग्रहालयात पोहोचले होते. विल्हेल्म पीटर्सने १८५९ साली पोएसिलिया रेटिक्युलाटा या नावाने त्यांचे वर्णन छापलेही होते. दोन वर्षांनी इटलीतल्या दे फिलिप्पीने बार्बाडोसहून आलेल्या नमुन्यांवरून तिसरेच नाव ठेवले, लेबिस्टेस पोएसिलॉयडीस. तीन संग्रहालये, तीन देश, तीन नावे आणि मासा एकच. यात कुणाचा हलगर्जीपणा शोधण्याची गरज नाही. या जातीचे नर आणि माद्या आकाराने, रंगाने, पराच्या घडणीने इतके वेगळे असतात, आणि दारूत बुडवून पाठवलेल्या नमुन्यांचे रंग इतके उडतात, की बाटलीतल्या चार माशांवरून ओळख पटवणे अवघडच होते.

प्राणीशास्त्रात नावांच्या भांडणाचा निवाडा एका साध्या नियमाने होतो: जे आधी रीतसर छापले गेले ते टिकते. १९१३ साली चार्ल्स टेट रेगनने हे सगळे मासे एकत्र तपासले आणि पीटर्सचे रेटिक्युलाटा हे जातिनाम कायम केले. प्रजातीसाठी मात्र त्याने दे फिलिप्पीचे लेबिस्टेस वापरले. पुढची पन्नास वर्षे हा मासा लेबिस्टेस रेटिक्युलाटस होता, आणि त्या काळातले अनुवंशशास्त्राचे सगळे निबंध त्याच नावाने सापडतात. १९६३ साली रोझेन आणि बेली यांनी या कुळाची फेरमांडणी केली तेव्हा तो पुन्हा पोएसिलिया रेटिक्युलाटा झाला, म्हणजे पीटर्सने ठेवला होता तिथेच परत आला.

बोलीतल्या नावांना असा कुठलाच नियम लागू नाही. त्यामुळे शास्त्राने टाकून दिलेली नावे निरनिराळ्या भाषांत सुखाने नांदत आहेत. इंग्रजीने गप्पी ठेवले आणि तिच्याकडून ते आपण घेतले. तुर्की लोक या माशाला आजही लेपिस्तेस म्हणतात, म्हणजे त्यांच्याकडे दे फिलिप्पी टिकला. चिनी भाषेत तो मोरमासा आहे. जर्मन आणि डॅनिश भाषांत त्याला लक्षावधींचा मासा असे म्हणतात. त्याचे मूळ बार्बाडोसमधल्या ‘मिलियन्स’ या नावात आहे.

आता टिकलेल्या शास्त्रीय नावाकडे वळू, कारण त्याचा प्रत्यक्ष उपयोग आहे. रेटिक्युलाटा म्हणजे जाळीदार. बाजारातले झगझगीत नर पाहून हे नाव कळणारच नाही. त्यासाठी साध्या, गावठी वाणाची मादी बाजूने उजेड पडेल अशी धरून पाहावी. राखाडी-ऑलिव्ह अंगावर प्रत्येक खवल्याची कड किंचित गडद दिसते, आणि त्या कडा एकमेकींना जोडून अंगभर बारीक जाळी विणल्यासारखी दिसते. ही मादी ३ ते ६ सेंटिमीटर भरते. नर त्याच्या जवळजवळ निम्मा, दीड ते साडेतीन सेंटिमीटर.

नर-मादी ओळखण्यासाठी रंगावर विसंबू नये, गुदपर पाहावा. पोटाखाली, शेपटीच्या अलीकडे असलेला हा पर मादीत पंख्यासारखा त्रिकोणी राहतो. नरात तो वयात येताना अरुंद, लांब होत काडीसारखा बनतो. हा काडीसारखा पर म्हणजेच गोनोपोडियम, शुक्रजंतू मादीच्या शरीरात पोहोचवण्याचे साधन. मादीच्या पोटाच्या मागच्या टोकाला, याच पराच्या वर, एक गडद त्रिकोणी ठिपका दिसतो. गर्भ वाढू लागले की तो मोठा आणि काळसर होत जातो. पिल्ले अगदी बाहेर यायच्या बेतात असली, की पोट खालून चौकोनी दिसू लागते आणि फिकट वाणाच्या माद्यांत ठिपक्यातून पिल्लांचे डोळेही दिसतात.

पोएसिलिया या पहिल्या शब्दाचा ग्रीक अर्थ चित्रविचित्र, रंगीबेरंगी. हे वर्णन नरांना लागू पडते, आणि त्यामागची कारणे हा या माशाचा सगळ्यात रंजक भाग आहे. रानातल्या गप्पींत दोन नर सहसा सारखे नसतात. नारिंगी, काळे, निळसर चमकदार ठिपके प्रत्येकाच्या अंगावर वेगळ्या जागी असतात. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत योहानेस श्मिट याने १९२० साली दाखवले, की असा एक ठिपका बापाकडून मुलाकडे, मुलाकडून नातवाकडे जातो, लेकीकडून कधीच जात नाही. पाठोपाठ तिथल्याच ओयविंद विंगेने हे धागे आणखी उलगडले. नराच्या वाय गुणसूत्रावरून उतरणाऱ्या गुणाचे हे अगदी सुरुवातीच्या उदाहरणांपैकी एक. सगळेच रंग वायवर नसतात, काही एक्सवर आणि इतर गुणसूत्रांवरही असतात. म्हणून पाळणाऱ्याने जोडी निवडताना फक्त देखणा नर पाहणे पुरत नाही. मादी अंगावर रंग दाखवत नसली तरी अर्धा वारसा तिचा असतो, आणि बाजारातून आणलेल्या माद्यांचा वारसा कुणालाच ठाऊक नसतो.

रंग किती आणि किती मोठे, हे मात्र ओढा ठरवतो. त्रिनिदादच्या उत्तरेकडच्या डोंगररांगेत ओढे धबधब्यांनी तुटक झालेले आहेत. धबधब्याखाली गप्पींना गट्ट करणारे मोठे सिक्लिड मासे असतात. त्यांना धबधबा चढता येत नाही. वर राहतो तो रिव्ह्युलस नावाचा छोटा मासा, आणि तो फार तर लहानसहान गप्पी उचलतो. त्यामुळे एकाच ओढ्यात वर झगझगीत आणि खाली मळकट नर सापडतात. जॉन एंडलर या जीवशास्त्रज्ञाने हे हरितगृहातल्या तळ्यांत तपासले आणि १९८० साली प्रसिद्ध केले. शिकारी मासा असलेल्या तळ्यांत काही पिढ्यांतच नरांचे ठिपके तळातल्या खड्यांच्या आकाराशी जुळू लागले. शिकारी नसलेल्या तळ्यांत उलटे घडले. बारीक वाळूवर मोठे ठिपके, जाड खड्यांवर छोटे, म्हणजे मादीच्या नजरेत भरतील असे.

एंडलरने १९७६ साली आरिपो नदीच्या खोऱ्यात खालचे गप्पी उचलून वरच्या, गप्पीच नसलेल्या पाण्यात सोडले होते. डेव्हिड रेझनिक आणि सहकाऱ्यांनी अकरा वर्षांनंतर त्यांचे वंशज तपासले. तेवढ्या ३० ते ६० पिढ्यांत मासे उशिरा वयात येऊ लागले होते, आणि एका वेताला कमी पण मोठी पिल्ले देऊ लागले होते. उत्क्रांतीला लाखो वर्षे लागतात हे वाक्य शाळेपासून पाठ असलेल्यांनी हा निष्कर्ष सावकाश, दोनदा वाचावा.

बार्बाडोसकरांचे ‘मिलियन्स’ हे नाव शास्त्रज्ञांच्या तिन्ही नावांपेक्षा मला अधिक प्रामाणिक वाटते. कारण गप्पी पाळायला घेणाऱ्याची पहिली अडचण मासे मरण्याची असते आणि दुसरी ते आवरण्याची. मादी अंडी घालत नाही. ती पोटात उबवून सहा ते आठ मिलिमीटरची, पोहती पिल्ले देते. दोन वेतांत साधारण चार आठवडे, कोमट पाण्यात तीन, थंड पाण्यात पाच. पहिल्या वेताला पाच-दहा, पुढे वीस ते साठ, थोराड मादीला शंभराच्या वरही. पिल्ले दोन ते तीन महिन्यांत स्वतः वयात येतात.

यातली खरी मेख म्हणजे साठवण. एका मीलनातले शुक्रजंतू मादी महिनोन् महिने, आठ महिन्यांपर्यंतही, जिवंत ठेवू शकते आणि नराशिवाय वेतामागून वेत देत राहते. ‘एकटी मादी आणली, तरी पिल्ले कशी?’ या नेहमीच्या प्रश्नाचे उत्तर हेच. दुकानातल्या मिश्र टाकीतून आलेली प्रत्येक प्रौढ मादी गाभण आहे असेच धरावे. एखादा वाण शुद्ध राखायचा असेल, तर अशी मादी त्या कामी निरुपयोगी. त्यासाठी कोऱ्या, म्हणजे नराशी कधीच मीलन न झालेल्या, माद्याच लागतात. पिल्ले तीन आठवड्यांची झाली, की रोज पाहणी सुरू करावी. ज्यांच्या पोटाशी ठिपका दिसू लागतो त्या माद्या, ज्यांचा गुदपर टोकदार व्हायला लागतो ते नर. चार आठवड्यांच्या आत दोघांच्या टाक्या वेगळ्या झाल्या पाहिजेत. एक नर चुकून माद्यांत राहिला तर त्या टाकीतल्या सगळ्या माद्यांवरचा भरवसा संपतो. शंका असलेले पिल्लू नरांच्या टाकीत टाकावे. ते मादी निघाले तर एकच मादी वाया जाते.

घरी पाळायला चाळीस-पन्नास लिटरची टाकी पुरे. पाण्याचे तापमान २४ ते २६ अंश, सामू (पीएच) ७ ते ८, आणि पाणी जडच, म्हणजे क्षारांचे, हवे. इथेच अनेकांचे चुकते. शुद्ध म्हणून आरओचे पाणी भरतात. मऊ, आम्लधर्मी पाण्यात गप्पी पर मिटून एकाच जागी थरथरत राहतात. तो रोग समजून औषधे ओतली जातात, प्रत्यक्षात त्यांना क्षार कमी पडत असतात. साधे बोअरचे किंवा नळाचे जड पाणी, क्लोरीन काढून, त्यांना उत्तम. पाणी मऊच असेल तर गाळणीत मूठभर चुनखडीचे किंवा प्रवाळाचे खडे ठेवावेत. ते हळूहळू विरघळून जडपणा राखतात.

नवी टाकी भरून त्याच दिवशी मासे सोडणे ही दुसरी नेहमीची चूक. माशांच्या विष्ठेतून अमोनिया सुटतो. त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू गाळणीत वसायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर नसतात, आणि कणखर म्हणून नावाजलेला गप्पीही दुसऱ्या आठवड्यात पटापट मरतो. जुन्या चालू टाकीतला गाळणीचा स्पंज आणून लावला तर हा काळ बराच कमी होतो. नंतर आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलावे. गाळणी नळाखाली न धुता टाकीतल्याच काढलेल्या पाण्यात पिळावी, नाहीतर क्लोरीनने जिवाणू मरतात आणि टाकी पुन्हा नवी होऊन बसते.

एका नरामागे दोन-तीन माद्या ठेवाव्यात. नर दिवसभर माद्यांचा पाठलाग करतात आणि प्रमाण उलटे असेल तर माद्या दमून मरतात. पिल्ले नकोच असतील तर फक्त नर पाळणे हा सर्वांत शहाणा मार्ग. रंग त्यांनाच असतात. पिल्ले हवी असतील तर गाभण मादीला शेवटच्या दिवसांत जाळीच्या पिंजऱ्यात डांबू नये. त्या ताणाने ती अपुऱ्या दिवसांची, पोटाशी पिवळा बलक लोंबणारी पिल्ले टाकते. टाकीत हायड्रिला किंवा जावा मॉसचा दाट गुंता असू द्यावा. आई आणि इतर मासे पिल्ले खातातच, पण गुंत्यात पुरेशी वाचतात. त्यांना दिवसातून तीन-चार वेळा, एका वेळी दोन मिनिटांत संपेल एवढेच भुकटी केलेले खाद्य किंवा आर्टेमिया या कोळंबीसारख्या सूक्ष्म जिवाची ताजी पिल्ले द्यावीत. मोठ्यांना दोन वेळा पुरते.

आजारांतही एका आजाराला या माशाचेच नाव चिकटले आहे. टेट्राहायमेना नावाचा एकपेशीय केसाळ जीव सडक्या, विष्ठेने भरलेल्या पाण्यात एरवी निरुपद्रवी जगतो. दमलेल्या माशाच्या कातडीत घुसला की तिथे पांढुरके चट्टे पडतात, खवले उभे राहतात आणि तो स्नायूंत उतरतो. पाळणारे त्याला ‘गप्पी किलर’ म्हणतात. आत उतरल्यावर औषध पोहोचत नाही, म्हणून उपाय आधीच: प्रवासातून आलेले मासे दोन-तीन आठवडे वेगळ्या टाकीत ठेवणे, तळाचा गाळ नळीने ओढणे आणि टाकी खच्चून न भरणे. गुदद्वारातून लाल दोऱ्यासारखी टोके डोकावताना दिसली, तर ते कॅमॅलानस जंत. त्यांच्यावर मिठाचा उपयोग नाही, लेव्हामिसोलसारखे जंतनाशकच लागते आणि टाकीतल्या सगळ्याच माशांना द्यावे लागते.

पाळीव वाणांबद्दल एक गोष्ट स्पष्ट म्हणायला हवी. शेपटीचा पडदा अंगापेक्षा मोठा करण्याच्या हौसेने असे नर तयार झाले आहेत, की त्यांना धड पोहता येत नाही. तो पडदा फाटतो, कुजतो. जवळच्या नात्यातच जोड्या लावत गेल्याने पाठीचे कणे वाकतात. देखणेपणाचा हा भार पोएसिलिया या नावाला अभिप्रेत नव्हता.

आपल्याकडे या माशाचे सर्वांत ओळखीचे नाव खरे तर कुठल्याच ग्रंथात नाही: ‘डासांचे मासे’. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बार्बाडोसमध्ये हिवताप नाही याचे श्रेय ‘मिलियन्स’ला दिले जाऊ लागले, आणि तेव्हापासून हे मासे डबे भरभरून जगभर पाठवले गेले. भारतातही ते त्याच काळात आले. आज त्यांच्या मूळ मुलखाबाहेर साठाहून अधिक देशांत त्यांची वस्ती आहे. गप्पीचे तोंड वरच्या बाजूला वळलेले असते. पाण्याच्या पृष्ठभागाशी श्वास घ्यायला येणाऱ्या अळ्या टिपायला ते सोयीचे. एक प्रौढ मासा दिवसाला ८० ते १०० अळ्या खातो असा आकडा सरकारी पत्रकांत असतो. तो दुसरे काही खायला नसतानाचा आहे. हौदात शेवाळ आणि इतर किडे असले की आकडा खाली येतो.

हिवताप नियंत्रणाच्या आपल्याकडच्या पद्धतीत काठाच्या दर मीटरमागे ५ ते १० मासे सोडतात, अळ्या फार असतील तर २० पर्यंत. हिशेब काठाचा असतो, पाण्याच्या आकारमानाचा नाही, कारण अळ्या काठाशीच असतात. वाहून नेण्याआधी मासे एक दिवस उपाशी ठेवावेत. पोट रिकामे असले की पिशवीतले पाणी अमोनियाने बिघडत नाही. पिशवीत एक हिस्सा पाणी, दोन हिस्से ऑक्सिजन. काही तासांच्या प्रवासाला लिटरभर पाण्यात २५ मासे पुरे. सकाळी किंवा उन्हे उतरल्यावर सोडावेत. पिशवी आधी पंधरा-वीस मिनिटे हौदात तरंगू द्यावी, मग थोडे-थोडे हौदाचे पाणी तिच्यात घालावे आणि शेवटी ती आडवी करून मासे आपणहून बाहेर पडू द्यावेत.

सोडलेले मासे नाहीसे झाले तर कारणे ठरलेली असतात. नवा सिमेंटचा हौद असेल तर चुन्यामुळे पाण्याचा सामू फार वर जातो. असा हौद दोन-तीन आठवडे भरून, रिकामा करून, पुन्हा भरून मुरवावा लागतो. ब्लीचिंग पावडर टाकलेल्या पाण्यात मासे तासाभरातही मरतात. पायरेथ्रॉइड वर्गातली कीटकनाशके माशांना जहाल आहेत, म्हणून फवारणीचे तुषार हौदावर पडू देऊ नयेत. उन्हात ठेवलेले पत्र्याचे पिंप दुपारी तापून मासे उकडतात. उलट पाणी दहा अंशांच्या खाली गेले तर थंडीने मरतात. आणि सगळ्यात नेहमीचे कारण: हौद धुताना मासे गाळासकट फेकले जातात. मासे जिवंत असूनही अळ्या दिसत असतील तर काठचे शेवाळ पाहावे. गुंत्यात अळ्यांना आसरा मिळतो, माशाचे तोंड तिथे पोहोचत नाही. अशा हौदात माशांना वरून खाद्य टाकणे म्हणजे त्यांना कामावरून सुट्टी देणे. ते काम साधेच, गावठी वाणाचे गप्पी करतात. पडदेवाल्या शेपटीचे करत नाहीत.

या उपायाची महती मात्र तोलूनच सांगावी. वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१३ आणि २०१७ च्या आढाव्यांत बरेच अभ्यास चाळण्यात आले. काही ठिकाणी अळ्या घटल्या, पण माशांमुळे हिवतापाचे रुग्ण घटले हे दाखवणारा एकही भरवशाचा अभ्यास त्यांना मिळाला नाही. डेंग्यूचा डास तर घरातल्या फुलदाणीत, कुंडीखालच्या ताटलीत, टायरमध्ये, नारळाच्या करवंटीत वाढतो. तिथे मासा ठेवता येत नाही. ते पाणी ओतूनच द्यावे लागते.

शिवाय ‘मिलियन्स’ हा गुण नदीत उतरला की दोष होतो. प्रयोगांत एकेकट्या गाभण मादीपासूनही टिकाऊ वस्ती तयार झालेली आहे. गप्पी इतर माशांची अंडी-पिल्ले खातो आणि घाण पाण्यातही तग धरतो. आपल्या ओढ्यांत डोक्यावर चंदेरी ठिपका मिरवणारे ॲप्लोकायलससारखे देशी मासे डासांच्या अळ्या आधीपासून खातच आहेत. तेव्हा गप्पी फक्त बंदिस्त हौद, टाक्या, वापरात नसलेल्या विहिरी आणि कारंजी यांतच सोडावेत, जिथून पावसाळ्यात पाणी वाहून ओढ्याला मिळत नाही. घरच्या टाकीतले जास्तीचे मासे तलावात सोडून ‘मोकळे’ करणे हे त्या तलावावरचे संकट आहे. ते दुसऱ्या पाळणाऱ्याला द्यावेत.

नावांचे प्रकरण अजून संपलेले नाही. १९७५ साली एंडलरला व्हेनेझुएलातल्या कुमाना शहराजवळच्या लगुना दे पातोस या तलावात गप्पीसारखेच, पण आखूड आणि धातूसारखे चमकणारे मासे मिळाले. बाजारात ते ‘एंडलर’ म्हणून पसरले, म्हणजे पुन्हा एकदा पाठवणाऱ्याचेच नाव. २००५ साली त्यांचे रीतसर नामकरण झाले तेव्हा पोएसिलिया विंगेई हे नाव दिले गेले, कोपनहेगनच्या त्या विंगेच्या स्मरणार्थ. २००९ साली त्रिनिदादच्या ओरोपूश खोऱ्यातले गप्पीही पोएसिलिया ऑब्स्क्युरा या वेगळ्या जातीत टाकले गेले. विंगेई ही खरोखर वेगळी जात की गप्पीचाच एक रानवाण, यावर जाणकारांत मतभेद आहेत. पाळणाऱ्याच्या दृष्टीने महत्त्वाचे एवढेच, की दोघांचा संकर होतो आणि त्याची पिल्लेही पुढे वाढतात. त्यामुळे एंडलर म्हणून विकल्या जाणाऱ्या माशांत संकर भरपूर आहेत. शुद्ध एंडलर राखायचे असतील तर त्यांच्या टाकीत गप्पीची एकही मादी, आणि गप्पींच्या टाकीत राहिलेली एंडलरची एकही मादी, परत घालू नये. नर वेगळे काढल्यावरही तिच्या पोटात दुसऱ्या टाकीचा वारसा आठ महिने असू शकतो.